छपरावरच्या ग्रिफिनच्या पोटात

१९९३ साली लंडनमधल्या क्रिस्टीज या लिलावगृहात एक सिंह विक्रीला आला. ब्राँझमध्ये ओतलेला, चारही पायांवर ताठ उभा, जबडा उघडा, उंची ७३ सेंटिमीटर. अंगावर नक्षी आणि तिच्यात कूफी वळणाची अरबी अक्षरं. घडवणाऱ्याचं नाव, गाव, साल यांपैकी काहीही त्याच्यावर नव्हतं. तरीही मध्ययुगीन इस्लामी धातुकामाच्या जाणकारांना तो परका वाटण्यासारखा नव्हता. त्याच्या जातकुळीचा एक थोरला प्राणी त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. तो इटलीत होता, पिसा शहरात, आणि तो मुळात कुठला, यावर कितीतरी काळ वाद चालू होता.

लिलावातला हा सिंह पुढे मारी-चा या खासगी संग्रहात गेला आणि ‘मारी-चा सिंह’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पण त्याने खरी उलथापालथ केली ती पिसाच्या त्या थोरल्या प्राण्याच्या चरित्रात.

पिसा म्हटलं की आपल्याला कलता मनोरा आठवतो. त्या मनोऱ्याच्या अगदी शेजारी शहराचं मोठं कॅथेड्रल आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, गाभाऱ्यावरच्या छपरावर, एक खांब आहे आणि त्या खांबावर पंखवाला प्राणी उभा आहे. आज तिथे दिसते ती प्रतिकृती. अस्सल प्राणी मध्ययुगापासून तिथे ऊन, पाऊस आणि समुद्रावरचा वारा खात उभा होता. १८२८ साली त्याला खाली उतरवलं. आता तो कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे.

हा ग्रिफिन. गरुडाचं डोकं, गरुडाचे पंख आणि सिंहाचं धड. उंची १०७ सेंटिमीटर, लांबी ८७, रुंदी ४३. मध्ययुगीन इस्लामी जगातलं धातूचं एवढं मोठं शिल्प दुसरं माहीत नाही. छपराखाली उभं राहून पाहणाऱ्याला त्याची नुसती आकृती दिसायची. जवळ गेलं की दिसतं ते कोरीवकाम. मानेवर आणि पंखांवर एकावर एक चढत गेलेली पिसं. पाठीवर वर्तुळांच्या नक्षीचं, जणू पांघरलेलं, भरजरी वस्त्र. पायांच्या वरच्या भागात थेंबाच्या आकाराच्या चौकटी आणि त्यांत कोरलेले सिंह आणि पक्षी. म्हणजे काल्पनिक प्राण्याच्या अंगावर पुन्हा खरे प्राणी. आणि त्या वस्त्राच्या काठासारखी छातीवरून दोन्ही कुशींकडे गेलेली कूफी अक्षरांची पट्टी.

ही पट्टी हाच खरं तर पहिला सुगावा ठरायला हवा होता. ती वाचता येते. तिच्यात आशीर्वाद आहेत: परिपूर्ण कृपा, सुख, आनंद, कायमची शांती, आरोग्य आणि सौभाग्य मिळो, असं ती म्हणते. कुणाला मिळो, तर ‘याच्या धन्याला’. धन्याचं नाव मात्र दिलेलं नाही. असे आशीर्वाद त्या काळात स्पेनपासून इराणपर्यंत हस्तिदंताच्या पेट्यांवर, कापडांवर, भांड्यांवर सगळीकडे लिहिले जात. त्यामुळे अक्षरं वाचता आली तरी पत्ता लागला नाही. कुणी ग्रिफिनला फातिमी इजिप्तचा म्हटलं, कुणी इराणचा, कुणी सिसिलीचा, कुणी उत्तर आफ्रिकेचा, कुणी स्पेनचा.

इस्लामी प्राणी ख्रिस्ती कॅथेड्रलवर चढला कसा, हा त्याहून सोपा प्रश्न होता, कारण त्याचं उत्तर पिसाच्या भिंतींवरच लिहिलेलं आहे. अकराव्या शतकात पिसा हे बंदर पश्चिम भूमध्य समुद्रातलं एक जबरदस्त आरमार बाळगून होतं. १०६३ साली पिसाच्या जहाजांनी मुस्लिम सत्तेखालच्या पालेर्मोवर हल्ला केला. तिथे मिळालेल्या लुटीतून हे कॅथेड्रल उभं राहू लागलं, ही गोष्ट कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवरच्या शिलालेखात अभिमानाने कोरली आहे. १०८७ साली पिसा आणि जिनोआ यांच्या आरमाराने आजच्या ट्युनिशियातलं महदिया लुटलं. १११३ ते १११५ या काळात पिसाकरांनी मायोर्का आणि आसपासच्या बेटांवर मोहीम काढली. कॅथेड्रलचा अभिषेक पोप दुसरे जेलासियस यांनी १११८ साली केला. या अर्धशतकभर पिसात जे जे आलं ते शहराने लपवून ठेवलं नाही. ते उंचावर, सगळ्यांना दिसेल असं लावलं. चर्चच्या भिंतींत इस्लामी जगातून आलेली रंगीत चिनीमातीसारखी झिलईदार ताटं आणि वाडगे बसवले. कॅथेड्रलच्या दुसऱ्या एका टोकावर दहाव्या शतकातलं, कोर्दोबाच्या धर्तीचं संगमरवरी स्तंभशीर्ष चढवलं. त्यावर फत्ह या कारागिराची अरबी सही आहे. ग्रिफिन याच मालिकेतला. लुटीतून आला की व्यापारातून वा नजराण्यातून, कसाही आला असो, शहराने त्याला आपल्या सर्वांत मोठ्या इमारतीच्या माथ्यावर जागा दिली.

इतकं कळल्यावर अभ्यासकांचं लक्ष हळूहळू पश्चिमेकडे वळत गेलं. पश्चिमेकडे म्हणजे अल-अंदलुसकडे, मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनकडे. तिथे प्राण्यांची ब्राँझ शिल्पं ओतण्याची परंपरा पक्की होती. तिसऱ्या अब्द अल-रहमान या खलिफाने ९३६ साली कोर्दोबाजवळ मदीनत अल-झहरा ही राजनगरी वसवायला घेतली. तिच्याबद्दल अरबी इतिहासकार लिहितात की खलिफाच्या महालात एका हौदाभोवती सोन्याचे, रत्नं जडवलेले बारा प्राणी होते आणि त्यांच्या तोंडांतून पाणी पडायचं. ते सोनं कधीच वितळून गेलं. पण त्याच नगरीतलं ब्राँझचं एक हरिण कोर्दोबाच्या संग्रहालयात आहे, तेही कारंज्याचं. पॅरिसच्या लूव्रमध्ये स्पेनमध्येच सापडलेला मोन्सोनचा सिंह आहे, सुमारे एक फूट उंचीचा. तोही पाणी ओकणारा.

तेव्हा ग्रिफिन म्हणजे कारंज्याचंच एक मोठं शिल्प, असं मानणं स्वाभाविक होतं. कारण त्याच्या पोटाला खालून मोठं उघडं तोंड आहे. तिथून पाण्याची नळी आत घेतली असेल आणि चोचीतून धार सोडली असेल, असा तर्क झाला. तर्क सुबक होता. पाहणाऱ्यांची नजर शिल्पाच्या बाहेरून फिरत होती आणि बाहेरून पाहता या तर्कात खोट दिसत नव्हती.

मग १९९३ चा सिंह आला. त्याचंही पोट खालून उघडं होतं. त्या उघड्या पोटातून आत पाहिलं तेव्हा तिथे जे असायला नको होतं ते दिसलं.

सिंहाच्या मागच्या भागात, आतल्या पोकळीत, धातूचं एक स्वतंत्र भांडं होतं. त्याचं तोंड पोटाच्या पोकळीकडे उघडत होतं. बाहेरून त्याचा मागमूसही लागत नव्हता. कुणाला दिसावं म्हणून ते केलेलंच नव्हतं.

आता पुढची पायरी अटळ होती. पिसाच्या ग्रिफिनच्या पोटात पाहायचं. लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेतल्या इस्लामी कलेच्या अभ्यासक ॲना कोंतादिनी, रिचर्ड कॅम्बर आणि ऑक्सफर्डचे धातुतज्ज्ञ पीटर नॉर्थोव्हर यांनी दोन्ही प्राण्यांचा एकत्र अभ्यास हाती घेतला. ग्रिफिनच्याही पोटात, मागच्या बाजूला, तसंच भांडं निघालं. शतकानुशतकं ज्याच्याकडे माना वर करून पाहिलं गेलं, ज्याची मापं घेतली गेली, ज्याची अक्षरं वाचली गेली, त्याच्या आत एक आख्खा भाग अभ्यासाविना पडून होता.

एका प्राण्यात असतं तर ते दुरुस्तीचं काम, नंतरची भर, कुणाची तरी लहर म्हणून सोडून देता आलं असतं. दोन वेगवेगळ्या प्राण्यांत, त्याच जागी, तशाच रचनेचं भांडं निघाल्यावर ती पळवाट उरली नाही. हे हेतुपूर्वक केलेलं होतं. प्रश्न एवढाच की हेतू कोणता?

इथून या शोधकथेतला सर्वांत देखणा भाग सुरू होतो, कारण उत्तर एका झटक्यात आलं नाही. एकेक शक्यता पारखून बाजूला काढावी लागली. पहिली शक्यता पाण्याची. कारंज्याच्या प्राण्यात पाणी आत घेणारी वाट आणि तोंडापर्यंत नेणारी नळी लागते. कोर्दोबाच्या हरणात पाणी बैठकीतून वर चढतं. ग्रिफिनमध्ये मात्र पोट सताड उघडं आणि भांडं मागच्या अंगाला. पाणी तोंडाकडे न्यायचं असेल तर मागे भांडं ठेवून काय साधणार? दुसरी शक्यता धुपाची. इस्लामी जगात सिंहाच्या, पक्ष्यांच्या आकाराची ब्राँझची धूपपात्रं होती, खुरासानची तर नावाजलेली. पण धूपपात्राच्या अंगाला जाळी असते, धूर बाहेर पडायला भोकं असतात. इथे अंग सलग, नक्षी वरवर कोरलेली. तिसरी शक्यता हात धुवायला पाणी ओतण्याच्या प्राण्याच्या आकाराच्या झारीची. पण पोट उघडं असलेल्या, कमरेपेक्षा उंच ब्राँझमधून पाणी ओतणार कोण आणि कसं?

पाणी गेलं, धूर गेला. पोकळ धडातून, मागच्या भांड्यापासून पुढच्या उघड्या तोंडापर्यंत जाऊ शकेल असं एकच उरलं. हवा. आणि हवेबरोबर आवाज.

कोंतादिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी या दोघांना डरकाळी फोडणारे पशू म्हटलं. त्यांची मांडणी अशी: प्राण्याच्या खाली, बैठकीत लपवलेला भाता असावा. भात्याने दाबलेली हवा नळीतून आणि नळीच्या पातीतून जाताना आवाज निघावा. आतलं भांडं त्या आवाजाला भरीव करावं आणि उघड्या तोंडातून तो बाहेर पडावा. तंबोऱ्याचा भोपळा स्वतः वाजत नाही, तो तारेच्या बारीक झणकाराला सभागृहभर पोचवतो. ग्रिफिनच्या पोटातल्या भांड्याचं काम याच जातीचं.

ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटली तरी त्या काळाला ती चमत्कारिक नव्हती. हलणारी, बोलणारी, गाणारी यंत्रं हे दरबारी वैभवाचं नेहमीचं अंग होतं. बगदादमध्ये नवव्या शतकात बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं. ९१७ साली बायझंटाइन वकील बगदादच्या खलिफाकडे आले तेव्हा त्यांना चांदीचं एक झाड दाखवलं गेलं आणि त्याच्या फांद्यांवर गाणारे धातूचे पक्षी होते. ९४९ साली लिउतप्रांद हा इटालियन पाद्री वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. सम्राटाच्या सिंहासनाजवळ सोनेरी सिंह शेपट्या आपटत, जबडे उघडून डरकाळ्या फोडत होते आणि झाडावर पक्षी आपापल्या आवाजात गात होते, असं त्याने लिहून ठेवलं. अकराव्या शतकात खुद्द अल-अंदलुसमध्ये इब्न खलफ अल-मुरादी याने यंत्रांवर आणि पाण्याच्या घड्याळांवर एक ग्रंथ लिहिला. ‘रहस्यांचा ग्रंथ’ म्हणून तो ओळखला जातो. त्याची १२६६ साली तोलेदोमध्ये केलेली प्रत आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. फ्लॉरेन्सहून पिसा तासाभराच्या अंतरावर. अंदलुसी यंत्रविद्येचा हा लिखित वारसा आणि तिचा धातूत उतरलेला साक्षीदार एवढ्या जवळ येऊन थांबले आहेत.

आता ग्रिफिन ओतणाऱ्या त्या अनामिक कारागिराचं काम पुन्हा पाहू. प्राणी मेणाच्या साच्याने ओतला आहे. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा थर चढवायचा आणि सगळं रूप मेणात उतरवायचं. वरून मातीचा लेप देऊन भाजायचं. मेण वितळून बाहेर जातं आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. याच सुमाराला, ११२९ च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच रीत नोंदवली गेली. आपल्या ओताऱ्यांना तिच्यातले धोके ठाऊक आहेत. मातीचा गाभा तसूभर सरकला तर एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ होते आणि दुसरी जाड. वाफ कोंडली तर धातूत पोकळ्या राहतात. रस वाटेतच थिजला तर एखादा पाय, एखादा कान अपुरा राहतो. हातात मावणाऱ्या मूर्तीतही हे सांभाळताना जीव टांगणीला लागतो, इथे तर मीटरभर उंचीचा पोकळ प्राणी होता. अशा प्राण्याच्या पोटात आणखी एक भांडं बसवायचं म्हणजे संकट मुद्दाम ओढवून घेणं. ते संकट कारागिराने पत्करलं, कारण प्राणी दिसणं आणि प्राणी ओरडणं ही त्याच्या दृष्टीने एकच निर्मिती होती.

कोरीवकामाकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. दरबाराच्या किंवा महालाच्या दालनात, दिव्यांच्या उजेडात हा प्राणी उभा आहे. पाठीवर भरजरी वस्त्राची नक्षी, काठावर धन्याला आशीर्वाद देणारी अक्षरं. पाहुणे आत येतात आणि त्या तोंडातून आवाज निघतो. आशीर्वाद डोळ्यांना वाचायला आहे आणि धन्याचा दरारा कानांना ऐकायला आहे.

पिसात आल्यावर भाता गेला, बैठक गेली, दरबार गेला. प्राणी खांबावर चढला. पण उघडं पोट तसंच राहिलं आणि आतलं भांडंही राहिलं. समुद्रावरून येणारा वारा त्या पोटात शिरला की छपरावरून विचित्र घुमारा निघत असावा, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. पोकळ धातू, उघडं तोंड आणि उंचावरचा वारा एकत्र आले की आवाज होऊ शकतो. ज्या शहराने समुद्रापलीकडून आलेला प्राणी विजयाची खूण म्हणून माथ्यावर मिरवला, त्या शहराला तो प्राणी वाऱ्याच्या दिवसांत स्वतःच्या आवाजात उत्तर देत असावा.

मूळ गावाच्या वादाचं काय झालं? त्यालाही नवी दिशा मिळाली. दोन्ही प्राण्यांच्या धातूची तपासणी झाली, घडवण्याची रीत, नक्षी आणि अक्षरांची वळणं ताडून पाहिली गेली. कोंतादिनी यांनी संपादित केलेला या दोन प्राण्यांवरचा भलामोठा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. ग्रिफिन अकराव्या शतकाच्या शेवटी किंवा बाराव्याच्या सुरुवातीला अल-अंदलुसमध्ये घडला, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. सिंह मात्र दक्षिण इटलीतला असावा, असा कल आहे. म्हणजे हे एकाच कारखान्यातले दोन नग नव्हेत. समुद्राच्या दोन काठांवर दोन वेगळ्या ओताऱ्यांनी बोलणाऱ्या पशूची एकच कल्पना धातूत उतरवली. जहाजांतून लूट येत होती, मालही येत होता, आणि त्यांच्याबरोबर हे कसबही पाणी ओलांडत होतं. लढाया ज्या वर्षांत झाल्या त्याच वर्षांत विद्या इकडून तिकडे गेली. भूमध्य समुद्राचा इतिहास फक्त आरमारांच्या नावांनी लिहिला तर ही देवघेव त्यातून निसटते.

मला या शोधात सर्वांत मोलाची वाटते ती पद्धत. नवा मजकूर सापडला नाही, हरवलेली वही मिळाली नाही, कुणाची कबुली हाती आली नाही. पुरावा आधीपासून समोर होता आणि तो पाहण्यासाठी वाकून पोटात डोकावावं लागलं. त्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. एक म्हणजे तुलनेला दुसरा प्राणी. दुसरी म्हणजे कलेचा इतिहास जाणणारे आणि धातूचं शास्त्र जाणणारे एकाच वस्तूपुढे बसणं. कलेच्या इतिहासकाराने नक्षी वाचली, धातुतज्ज्ञाने ओतकाम वाचलं आणि दोघांनी मिळून आवाज ऐकला. एकट्याने हे जमलं नसतं.

‘शोभेची वस्तू’ हे लेबल लावलं की आपण तिच्याकडे फक्त डोळ्यांनी पाहतो. मध्ययुगातल्या धातुकामाचं असं फार नुकसान झालं आहे. समया, झाऱ्या, घंटा, धूपपात्रं, कारंज्यांचे प्राणी ही सगळी कामाला लावायची साधनं होती. त्यांतून उजेड पडायचा, पाणी वाहायचं, सुगंध दरवळायचा, नाद घुमायचा. संग्रहालयाच्या काचेमागे ती सगळी मुकी आणि कोरडी होतात आणि आपण त्यांच्या नक्षीवर लेख लिहितो. नक्षी खरीच आहे, पण ती त्या वस्तूच्या जगण्याचा एक भाग आहे. ग्रिफिनचा कारागीर केवळ शिल्पकार म्हणून इतिहासात बसत नाही. तो यंत्र जाणणारा होता, नाद जाणणारा होता आणि आगीच्या तोंडाशी उभा राहून हे सगळं एका ओतीत आणू पाहणारा होता. त्याचं नाव आपल्याला मिळणार नाही. त्याच्या कामाची पूर्ण दाद देणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ती द्यायची तर जगभरच्या संग्रहालयांतल्या पोकळ ब्राँझ प्राण्यांच्या आत याच चिकाटीने पाहायला हवं.